‘ह्याच्यासारखं आणखी काय आहे?’ : मंगा, वाचक आणि पुढचं पुस्तक

(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



विषय जपानी चित्रकथांचा आहे, आणि तरी पहिल्या दोन रांगांत पांढऱ्या केसांची मंडळी दिसताहेत, याचा फार आनंद वाटतो. तुमच्यासाठी आधीच सांगते, आज जे बोलणार आहे ते मंगा वाचणाऱ्या पोरांना जितकं लागू आहे, तितकंच ‘मृत्युंजय’ वाचणाऱ्यांनाही लागू आहे.

मी एका छोट्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. तिथं सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न कुठला असेल? ‘अमुक पुस्तक आहे का?’ हा दुसऱ्या नंबरचा. पहिल्या नंबरचा प्रश्न असा येतो : वाचक पुस्तक परत करायला आलेला असतो, पण ते लगेच सोडत नाही. हातात धरून ठेवतो आणि म्हणतो, ‘बाई, ह्याच्यासारखं आणखी काय आहे?’

सगळी गोम या ‘सारखं’ शब्दात आहे.

आता आपल्या कोल्हापूरचंच उदाहरण घेऊ. परगावच्या पाहुण्यापुढं तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा अशा दोन वाट्या ठेवा आणि विचारा, यात सारखं काय आहे? तो म्हणेल, काहीच नाही. एक लाल, जाळ काढणारा. दुसरा पांढरा, नारळाच्या दुधाचा. पण घरात रस्सा करणाऱ्या कुणालाही विचारा. दोन्हींच्या बुडाशी मटण शिजवलेलं तेच पाणी असतं, आपण त्याला अळणी म्हणतो. आता पाहुणा म्हणाला, ‘तांबडा लई आवडला, असंच आणखी काहीतरी द्या,’ तर काय द्याल? त्याला तिखट आवडलं असेल तर उद्या सकाळी मिसळ खायला न्या. मटणाचा अर्क आवडला असेल तर पांढऱ्याची वाटी पुढं करा. नेमकं काय आवडलं हे न विचारता दिलंत, तर पाहुणा उपाशी उठण्याची शक्यता बरीच.

पुस्तकाचं तसंच असतं. म्हणून आधी ओळखीच्या पुस्तकावरून सुरुवात करू.

या गावाला वाचनालयाची सवय जुनी. करवीर नगर वाचन मंदिर सुरू झालं १८५० साली. त्यामुळं ‘ह्याच्यासारखं आणखी’ हा प्रश्न इथल्या टेबलांवर पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला असणार. १९६७ साली शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आलं. सावंत आपल्या आजऱ्याचे. समजा, ते वाचून झालेला वाचक समोर उभा आहे. त्याला काय द्यायचं?

पहिली वाट : तोच नायक. मग रणजित देसाईंचं ‘राधेय’ द्या, तेही कर्णावरच आहे.

दुसरी वाट : तोच काळ, तीच माणसं. मग इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ किंवा दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’. पण सावध राहा. या कादंबऱ्या नाहीत. ‘मृत्युंजय’ वाचून रडलेल्या माणसाला ‘युगान्त’मधली थंड, तपासणारी नजर कदाचित सोसणार नाही. कुणाला ती फार आवडेल.

तिसरी वाट कपाटाच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते. वाचकाला ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाची कवचकुंडलं आवडलीच नसतील. त्याला टोचलं असेल ते हे, की अंगात कर्तृत्व असताना माणसाला जन्म विचारला जातो. मग त्याच्यासाठी खरं ‘सारखं’ पुस्तक म्हणजे दया पवारांचं ‘बलुतं’, किंवा लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’. काळ वेगळा, भाषा वेगळी, प्रकारही वेगळा. एक पौराणिक कादंबरी, दुसरी आत्मकथनं. बुडाचं पाणी मात्र एकच.

या तिसऱ्या वाटेला मी आशयसूत्राची वाट म्हणते. आज मुख्यतः तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

आता मंगाकडं वळू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. बहुतेक काळ्या-पांढऱ्या, उजवीकडून डावीकडं वाचायच्या. आधी साप्ताहिकांत किंवा मासिकांत क्रमशः छापून येतात आणि मग त्यांचे खंड निघतात. एक मालिका सात खंडांत संपते, एखादी शंभराच्या वर जाते. ‘वन पीस’ १९९७ पासून चालू आहे आणि शंभरी कधीच ओलांडून गेली. आपल्याकडची बहुतेक पोरं इंग्रजी अनुवादातून वाचतात.

इथं पहिला घोळ होतो तो लेबलांचा. मंगावर शोनेन, शोजो, सेइनेन, जोसेइ असे शब्द दिसतात. लोकांना वाटतं हे विषय आहेत, आपल्याकडं ऐतिहासिक, सामाजिक, रहस्यकथा असं म्हणतो तसे. तसं नाही. मुळात ते मासिक कुणासाठी काढलं होतं एवढंच त्यावरून कळतं. शोनेन म्हणजे मुलांसाठी, शोजो मुलींसाठी, सेइनेन मोठ्या पुरुषांसाठी, जोसेइ मोठ्या बायकांसाठी. दिवाळी अंकांचं कपाट ‘महिलांसाठी’ आणि ‘मुलांसाठी’ असं लावलं, तर कुठल्या अंकात काय आहे ते कळेल का? म्हणून ‘तुला एक शोनेन आवडलं ना, मग हे दुसरं शोनेन घे’ ही शिफारसच नव्हे.

दुसरा घोळ विषयाचा. विषय आणि आशयसूत्र यात फरक आहे. विषय एका शब्दात सांगता येतो : कुस्ती, शाळा, युद्ध. आशयसूत्र सांगायला अख्खं वाक्य लागतं, आणि ते बहुतेक वेळा प्रश्नाच्या रूपात येतं. ‘कुस्ती’ हा विषय झाला. ‘सगळ्या गावादेखत चितपट झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत परत कसं जायचं?’ हे आशयसूत्र. तेव्हा माझा साधा नियम आहे : पुस्तकाचं सूत्र एका शब्दात लिहायचं नाही, प्रश्नात लिहायचं. दोन पुस्तकांचा प्रश्न एक निघाला, तर ती पुस्तकं एकमेकांची भावकी समजायची.

एक साखळी करून दाखवते.

‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही हिरोमु अराकावा यांची मालिका, २००१ ते २०१०. दोन भाऊ मेलेल्या आईला किमयेनं परत आणायला जातात. आई येत नाही. थोरल्याचा पाय जातो, मग हात जातो, धाकट्याचं तर अख्खं शरीर जातं. तिथल्या जगाचा कायदा असा की काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं. हे वाचून झालेला मुलगा विचारतो, ‘ह्याच्यासारखं?’ वरवर बघणारा म्हणेल, जादू आहे, मारामारी आहे, दुसरी जादू-मारामारी द्या.

पण याच अराकावांची २०११ ते २०१९ मधली दुसरी मालिका आहे, ‘सिल्व्हर स्पून’. त्यात जादू नाही, तलवार नाही. होक्काइदो बेटावरची एक कृषी शाळा आहे. अराकावा स्वतः होक्काइदोत दुभत्या जनावरांच्या घरात वाढल्या. साप्पोरो शहरातला हाचिकेन नावाचा मुलगा परीक्षेच्या आणि घरच्या दडपणाला कंटाळून तिथं येतो. त्याला एक अशक्त डुकराचं पिल्लू दिसतं. हे पुढं कापायला जाणार, हे सगळ्यांना माहीत आहे. मित्र सांगतात, नाव ठेवू नकोस, जीव लागेल. तो नाव ठेवतोच, आणि कुठलं, तर ‘पोर्क बाउल’. म्हणजे आपल्या भाषेत बोकडाचं नाव ‘मटणथाळी’ ठेवल्यासारखं. पुढं ते डुक्कर मोठं होतं, कत्तलखान्यात जातं, आणि हा मुलगा स्वतःच्या पैशानं त्याचं मांस विकत घेतो. त्याच मालिकेत त्याच्या एका दोस्ताच्या घरचा गोठा कर्जात बुडतो, गायी विकल्या जातात, आणि त्याला शाळा सोडावी लागते.

आता दोन्ही मालिकांचा प्रश्न लिहून बघा. ‘जे मिळतं त्याची किंमत कोण मोजतं?’ दोन्हींचा प्रश्न एकच. पहिलीत तो किमयेच्या भाषेत विचारलाय, दुसरीत शेणामुताच्या.

इथून एक पाऊल पुढं गेलात की तुम्ही कागल तालुक्यात उतरता. आनंद यादवांची ‘गोतावळा’ कादंबरी, १९७१ सालची. नारबा हा शेतगडी. त्याचा गोतावळा म्हणजे मळ्यातली गुरंढोरं, पाखरं, झाडं. मालक शेतीत यंत्रं आणतो, ट्रॅक्टर येतो, आणि गोठ्यातल्या जनावरांचं काम संपतं. ज्याचं काम संपलं त्याला गोठ्यात जागा उरत नाही, आणि मग नारबालाही उरत नाही. भाषा आपल्याकडचीच, गावाकडं आजोबा बोलतात ती.

कोल्हापुरात शिकायला आलेल्या, घरी दोन म्हशी असलेल्या, डेअरीला दूध घालून मग एसटी पकडणाऱ्या मुलाला थेट ‘गोतावळा’ दिली, तर तो म्हणेल, ‘बाई, हे अभ्यासाला असतंय ते.’ पण ‘फुलमेटल’वरून ‘सिल्व्हर स्पून’, आणि तिथून ‘गोतावळा’ अशा तीन पायऱ्या केल्या, तर जपान फिरून तो स्वतःच्या गोठ्यात येतो. आणि त्याच्या लक्षात येतं की आपल्या घरात जे चाललंय त्याची पुस्तकं होतात. मला यात फार मोठी गोष्ट दिसते.

आता माझी एक चूक सांगते. या विषयावर बोलायचं मी तिच्यामुळंच ठरवलं.

एक नववीतला मुलगा यायचा. गप्प. त्यानं ‘अ सायलेंट व्हॉइस’ वाचलं, योशितोकी ओइमा यांची सात खंडांची मालिका. शाळेत शोको नावाची एक मुलगी येते, तिला ऐकू येत नाही. शोया नावाचा मुलगा तिला फार छळतो, तिची श्रवणयंत्रं मोडतो. शेवटी ती शाळा सोडून जाते. मग वर्ग शोयालाच वाळीत टाकतो. काही वर्षांनी तो खुणांची भाषा शिकून तिला शोधत जातो. या मुलानं सातही खंड वाचून परत केले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी मनात लिहिलं, ‘विषय : शाळेतला छळ’, आणि त्याला छळ सोसणाऱ्या मुलाची एक गोष्ट दिली. वाटलं, बिचाऱ्याला कुणी त्रास देत असेल, धीर येईल.

दोन दिवसांत पुस्तक परत आलं. ‘वाचलंस?’ ‘नाही.’ पुढं काही महिने तो फिरकलाच नाही.

बऱ्याच दिवसांनी तो परत आला, आणि बोलता बोलता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो त्या मालिकेत शोकोच्या जागी उभाच नव्हता. तो शोयाच्या जागी उभा होता. त्याचा प्रश्न होता, ‘मी ज्याला दुखावलं, त्याच्यापुढं परत कसं जायचं?’ आणि मी त्याच्या हातात जे पुस्तक दिलं, त्यात त्याच्यासारखा मुलगा फक्त खलनायक होता. मी न सांगता त्याला सांगितलं होतं, की तू वाईट आहेस.

त्या दिवशी मी त्याला माकोतो युकिमुरा यांची ‘विनलँड सागा’ सुचवली. हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. थॉरफिन हा बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला पोरगा, पुढं गुलाम होऊन एका शेतावर राबतो. ज्यांना त्यानं मारलं ती माणसं त्याच्या स्वप्नात येतात. आणि तो ठरवतो, आता हात उगारायचा नाही. शाळेची गोष्ट आणि व्हायकिंग लढवय्यांची गोष्ट, वरून बघितलं तर काडीचा संबंध नाही. पण दोन्हीकडं प्रश्न तोच : केलेलं परत फिरवता येत नाही, मग उरलेल्या आयुष्याचं काय करायचं? मात्र मी त्याला हेही सांगितलं, की सुरुवातीला रक्तपात भरपूर आहे, ती मोठ्यांच्या मासिकात आलेली मालिका आहे, झेपत नसेल तर थांब.

पुढं काय झालं ते त्याचं त्याच्यापाशी. पण त्यानं पुढचा खंड मागितला.

यातून मी शिकले ते हे, की प्रश्न पुस्तकात असतो हे अर्धंच खरं. कुठल्या पात्राच्या जागी उभं राहून वाचलं, त्यावर प्रश्न बदलतो. म्हणून आता मी ‘काय आवडलं?’ असं विचारत नाही, त्यावर उत्तर येतं, ‘भारी होतं.’ मी विचारते, ‘कुठल्या पानावर थांबलास?’ किंवा ‘कुणाचा राग आला?’ त्यातून बरंच कळतं. अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल म्हणतात, की वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो : गोष्ट, पात्रं, परिसर आणि भाषा. मंगात भाषेच्या दारावर चित्रंही उभी असतात. हे दार ओळखायला सोपं. आशयसूत्र म्हणजे आत शिरल्यावर वाचक जिथं बसून राहतो ती जागा. ती त्यालाच विचारावी लागते.

आता मोबाइलबद्दल. तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं ॲप करतंय की. करतंय, आणि ते कसं करतंय हे समजून घ्या. ढोबळमानानं दोन पद्धती. एक : ‘हे ज्यांनी वाचलं त्यांनी तेही वाचलं’. लाखो लोकांच्या वाचनाचा हिशेब लावून कुठली पुस्तकं जोडीनं वाचली जातात ते काढायचं. दुसरी : पुस्तकाला चिकटवलेले शब्द जुळवायचे, जसं ‘खेळ’, ‘मैत्री’, ‘शाळा’. दोन्ही उपयोगी आहेत, यादी काढायला मीही वापरते. पण पहिल्या पद्धतीत जे आधीच गाजलंय ते सगळीकडं वर येतं. आणि दुसरीत विषय सापडतो, प्रश्न सापडत नाही. तुम्ही काय वाचलं हे यंत्राला माहीत असतं. का वाचलं, हे टेबलापलीकडचं माणूस विचारू शकतं. त्या नववीतल्या मुलाला यंत्रानंही माझ्यासारखंच चुकीचं पुस्तक दिलं असतं, कारण शब्द तेच होते.

शेवटी व्यवहाराचं सांगते. तुम्ही वाचनालयात असा, शिक्षक असा, नाहीतर नुसते दोस्त असा, शिफारस करताना चार गोष्टी करा.

एक, तीनच नावं सांगा. एक जवळचं, एक मधलं, एक लांबचं. दहा नावं सांगितली की माणूस एकही घेत नाही.

दोन, साम्य सांगा आणि फरकही सांगा. ‘तुला ‘हायक्यू’मध्ये बुटका असून उंच उडी घेणारा हिनाता आवडला ना, मग ‘रिअल’ बघ. पण यात हशा कमी आहे, आणि ते व्हीलचेअरवरचं बास्केटबॉल आहे.’ फरक आधी सांगितला की फसवल्यासारखं वाटत नाही.

तीन, वय आणि दिवस बघा. घरात दुःख झालेल्या माणसाला त्याच दुःखाचं पुस्तक लगेच नको असतं, किंवा फक्त तेच हवं असतं. विचारा.

चार, नाही आवडलं तर हक्कानं परत करायला सांगा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं एक असं, की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. दोनतीनदा चुकल्याशिवाय ते मिळत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

(प्रश्न : माझा नातू दिवसभर ही चित्रांची पुस्तकंच वाचतो. याला वाचन म्हणायचं का?)

काका, तुम्ही लहानपणी ‘चांदोबा’ वाचलात ना? चित्र बघूनच उघडत होतात की. मंगात एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाताना मधलं सगळं वाचकाला मनात भरावं लागतं, ते काम सोपं नाही. पण मी एक सुचवू? नातवाला विचारा, ‘कुठल्या पानावर थांबलास?’ आणि तो खंड तुम्हीही वाचा. मागच्या बाजूनं उघडा म्हणजे झालं.

(प्रश्न : खेळाच्या मंगा आवडतात. कुस्तीच्या मातीतल्या माणसाला पुढं काय द्याल?)

ताकेहिको इनोउए यांची ‘स्लॅम डंक’, १९९० ते १९९६, बास्केटबॉलवरची. मगाशी सांगितलेली ‘रिअल’ही त्यांचीच. लांबचं म्हणून ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’ द्या. तो शोगी नावाच्या जपानी बुद्धिबळाचा खेळाडू आहे, तिथं घाम नाही, पण हरल्यानंतरचा एकटेपणा तोच. आणि सोबत खाशाबा जाधवांचं चरित्र द्या. १९४८ ला लंडनमध्ये सहावा नंबर, आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं होतं. हरल्यानंतरची चार वर्षं माणूस काय करतो, हा प्रश्न खासबागेत बसणाऱ्याला जपानी माणसानं समजावून सांगायची गरज नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचले, तर दोन्ही जास्त कळतात.

(प्रश्न : ‘डेथ नोट’नंतर काय वाचू?)

आधी तू सांग, तुला लाइट जिंकावा असं वाटत होतं का?

(श्रोता : सुरुवातीला हो. नंतर भीती वाटायला लागली.)

मग तुझा प्रश्न असा झाला : ‘चांगल्या हेतूनं हातात आलेली सत्ता माणसाचं काय करते?’ जवळचं, नाओकी उरासावा यांचं ‘मॉन्स्टर’. एक डॉक्टर एका मुलाचा जीव वाचवतो आणि तोच मुलगा पुढं खुनी निघतो. त्यात सत्तेपेक्षा जबाबदारीचा भाग जास्त आहे, आणि गती संथ आहे. आणि लांबचं म्हणून विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’, १९७२ सालचं नाटक. अपमान झालेल्या माणसाच्या हातात अख्ख्या शहराची कोतवाली येते. पातळ पुस्तक आहे, एका बैठकीत होईल. वाचून झाल्यावर ये आणि कुठल्या पानावर थांबलास ते सांग. मग पुढचं बघू.